डेसिबलचा चुकलेला हिशेब

दरवर्षी विसर्जनाची मिरवणूक आटोपली की एक-दोन दिवसांत वृत्तपत्रांमध्ये एक आकडा छापून येतो. अमुक चौकात आवाजाची पातळी शंभराच्या वर गेली, तमुक चौकात ती पंच्याण्णववर राहिली, गेल्या वर्षीपेक्षा यंदा आवाज पाच टक्क्यांनी घटला, असा या बातमीचा ठरलेला साचा असतो. वाचक क्षणभर हळहळतो किंवा समाधान पावतो आणि पान उलटतो. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अर्थशास्त्र शिकविण्याचा, म्हणजे आकड्यांशी रोजची गाठ. त्यामुळे ‘पाच टक्क्यांनी घटला’ या शब्दांशी त्याची नजर अडखळते. १०४ अंशांचा ताप ९९ वर आला असता ‘ताप पाच टक्क्यांनी उतरला’ असे कोणताही डॉक्टर म्हणत नाही. डेसिबलच्या बाबतीत मात्र आपण सारे, त्यात वार्ताहर आले, अधिकारी आले आणि तक्रार करणारे नागरिकही आले, हेच विधान निःशंकपणे करीत असतो. शंभरावरून पंच्याण्णववर येणे म्हणजे हवेतून वाहणारी ध्वनीची ऊर्जा जवळजवळ एकतृतीयांशावर येणे होय. ती पाच टक्क्यांची घट नव्हे.

ही केवळ पंतोजीची हौस असती तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु याच चुकीच्या हिशेबावर आपल्याकडील ध्वनिविषयक कायद्याची अंमलबजावणी उभी आहे, आणि तिच्यापायी ज्याचे नुकसान होते तो नेहमी ऐकणाराच असतो.

डेसिबल हे एकक मुळात दूरध्वनीच्या व्यवसायातून आले. तारेतून जाताना संदेश किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९२० च्या दशकात ते रूढ केले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ‘बेल’ आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल. कानाला हे एकक सोयीचे ठरले, कारण मानवी कानाची झेप अचाट आहे. जेमतेम ऐकू येणारी कुजबूज आणि कान दुखविणारा दणका यांच्या ऊर्जेत एकावर बारा शून्ये इतकी तफावत असते. एवढी मोठी संख्या व्यवहारात वापरणे शक्य नाही. म्हणून शाळेत आपण ज्यांची कोष्टके चाळली त्या लघुगणकांचा आधार घेण्यात आला. ऐकू येण्याचा उंबरठा म्हणजे शून्य डेसिबल. त्यापुढे दर दहा डेसिबलला ऊर्जा दसपट होते, आणि दर तीन डेसिबलला सुमारे दुप्पट. ५५ डेसिबलचे दोन कर्णे शेजारी लावले तर ११० डेसिबल होत नाहीत, होतात ५८. दहा कर्णे लावले तर ६५.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा मार्ग अपरिचित वाटू नये. डॅनियल बर्नोली याने १७३८ साली संपत्तीविषयी असेच प्रतिपादन केले होते: हाती असलेल्या धनाच्या मानानेच नव्या रुपयाचे सुख ठरते. सीमान्त उपयोगितेच्या कल्पनेचे बीज तेथे आहे. पुढे लाइपझिगच्या फेक्नरने १८६० मध्ये प्रकाश, वजन, ध्वनी अशा सर्वच संवेदनांना हा नियम लावला. तो काटेकोरपणे खरा नाही असे नंतर आढळले, पण त्याची दिशा बरोबर होती. आवाज दहा डेसिबलने वाढला तर ऊर्जा दसपट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट झाल्यासारखा भासतो. आणि कागदावर ५५ चे ६५ झालेले दिसतात, म्हणजे अठरा टक्के. एकाच घटनेची ही तीन मापे. कानातील नाजूक पेशींवर जो भार पडतो तो पहिल्या मापाने. आपण त्रागा करतो तो दुसऱ्या मापाने. आणि सरकारदरबारी विचार होतो तो तिसऱ्या मापाने.

याचा प्रत्यय लेखकाला घरबसल्या आला. आमच्या वसाहतीमागील सार्वजनिक मैदानात एका संध्याकाळी कर्णे लागले होते. परीक्षेचे दिवस होते, म्हणून दूरध्वनीवरून तक्रार केली. हवालदार आले, आणि हे आवर्जून सांगितले पाहिजे की लगेच आले, सौजन्याने बोलले. हातातील मापक दाखवून म्हणाले, “सर, मर्यादा पंचावन्नची आहे, इथे बासष्ट येतोय. सातच डेसिबल तर जास्त आहे. दहाला बंद होईल.” सात डेसिबल म्हणजे पाचपट ऊर्जा. पंचावन्न रुपयांच्या जागी कोणी पावणेतीनशे रुपये मागितले असते तर ‘सातच तर जास्त’ असे त्या भल्या गृहस्थांच्या तोंडून निघाले नसते. पण दोष त्यांना कसा द्यावा? नियम उघडून पाहिले तेव्हा कळले की ते नियमाला धरूनच बोलत होते.

केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत निवासी विभागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी विभागासाठी ६५ व ५५, औद्योगिक विभागासाठी ७५ व ७०, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. येथवर सारे ठीक. परंतु सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावल्यास त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून १० डेसिबलपर्यंत अधिक आवाज चालतो, फक्त तो एकूण ७५ च्या पुढे जाता कामा नये. खासगी जागेला हीच सवलत ५ डेसिबलची आहे. आणि सातव्या नियमानुसार दिवसाच्या वेळी नागरिकाने तक्रार करावयाची ती आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक झाल्यावर. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर ही अट नाही. ‘दहा’ हा आकडा दिसावयास लहान, जणू काटेकोरपणात थोडी ढील ठेवावी, मापकाच्या चुकीला वाव द्यावा, एवढाच हेतू असावा असा. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की, मर्यादेच्या दसपट ऊर्जा तुमच्या खिडकीवर आदळू लागेपर्यंत तुम्ही तक्रारदार नाही. शंभर रुपयांची मर्यादा घालावयाची आणि हजार होईपर्यंत कुरकुर करू नका असे बजावावयाचे, असा एखादा भाडेनियंत्रण कायदा कोणी केला असता तर त्यावर मोर्चे निघाले असते. डेसिबलवर मोर्चा निघत नाही, कारण तो शब्दच आपल्याला परका आहे.

सरासरीचे प्रकरणही असेच आहे. नियमांतील मर्यादा क्षणिक आवाजाची नसून दिवसाचे सोळा किंवा रात्रीचे आठ तास मिळून येणाऱ्या समतुल्य पातळीची आहे. आता ही सरासरी काढावी कशी? समजा, एका गल्लीत साडेपंधरा तास पातळी ५० डेसिबल होती आणि अर्धा तास मिरवणूक थांबली तेव्हा १००. वहीत आकडे मांडून साधी सरासरी काढली तर उत्तर येते सुमारे ५१.६, म्हणजे गल्ली नियमात बसली! नियमाने सांगितलेली सरासरी मात्र ऊर्जेची आहे. ती काढली तर उत्तर ८५ च्या आसपास येते. पहिल्या उत्तरात तो अर्धा तास गडप झाला, दुसऱ्यात त्याने सारा दिवस व्यापला. वर्गात सरासरी उत्पन्न शिकविताना आम्ही दहा कारकून आणि एक कारखानदार यांचे उदाहरण घेतो आणि सांगतो की कारखानदारामुळे सरासरी फुगते, तिला भुलू नका. येथे नेमके उलटे सांगावे लागते. कानाच्या हिशेबात त्या एका कारखानदारालाच मोजावयाचे असते, कारण इजा तोच करतो. नियमकर्त्यांनी हे ओळखले होते. वाचणाऱ्यांनी आणि राबविणाऱ्यांनी ते ओळखले आहे काय, हा प्रश्न आहे.

नियमकर्त्यांकडून जे निसटले ते दुसऱ्या ठिकाणी. नियमांतील डेसिबलपुढे कंसात ‘ए’ हे अक्षर असते. मंद आवाजात मानवी कान खर्जातील स्वर कमी ऐकतो, म्हणून मापकातही खर्जाला तितकी सूट द्यावी, असा त्या अक्षराचा आशय. ही सूट थोडीथोडकी नव्हे. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबल वजा होतात, पन्नास कंपनांच्या ध्वनीतून सुमारे ३०. मिरवणुकीतील ध्वनिभिंतींचा जो दणका छातीत बसतो, ज्याने खिडक्यांच्या काचा थरथरतात, तो नेमका याच पट्ट्यातला. शिवाय भिंती तारस्वराला जितक्या अडवितात तितक्या खर्जाला अडवीत नाहीत. दारे-खिडक्या लावून घेतल्या की गाणे ऐकू येईनासे होते आणि दणका तेवढा उरतो. माणूस म्हणतो, ‘मला धक्के बसताहेत,’ आणि मापक म्हणते, ‘फारसे काही नाही.’ दोघेही खरे बोलत असतात. मापकाला त्या धक्क्याकडे डोळेझाक करावयास आपणच शिकविले आहे. ढोलाच्या आवाजातही खर्ज असतो, पण ध्वनिभिंतीसारखा तो अखंड नसतो, एवढा फरक वाजविणाऱ्यांच्या वतीने मान्य करावयास हवा.

“कानाला सवय होते हो,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सवय कशाला म्हणतात ते पाहावे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नलिका आहे. तिच्यातून ध्वनीची लाट कशी प्रवास करते हे दाखविल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेसी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या शंखात प्रत्येक कानाला सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. पक्ष्यांत त्या मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसात नाही. जबर आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होतात, दुसऱ्या दिवशी पूर्ववत होतात, आणि आपण समजतो की काही बिघडले नाही. कुजावा आणि लिबरमन या अमेरिकन संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की श्रवण पूर्ववत झालेले दिसत असतानाही केशपेशी आणि मज्जातंतू यांचे जोड कायमचे तुटलेले असू शकतात. आवाजामुळे येणारे बहिरेपण बहुधा सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास सुरू होते. स्वर ऐकू येत राहतात, व्यंजने निसटू लागतात. ‘सात’ म्हटले की ‘साठ’ ऐकू येते, ‘पाच’ की ‘पास’ हे कळत नाही. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला किंवा मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला याचा अर्थ सांगावयास नको. अशा माणसाला आपण बहिरा म्हणत नाही. लक्ष नसलेला म्हणतो.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये केलेली शिफारस अशी: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटे. आपल्याकडे कारखान्यांसाठी चालत आलेली मर्यादा आठ तासांना ९० डेसिबलची, आणि वेळ निम्मा होतो तो दर पाच डेसिबलला. म्हणजे १०० डेसिबलमध्ये दोन तास. कान तोच, आवाज तोच. हा फरक शरीरशास्त्राचा नसून कोणाच्या कानाची किंमत किती धरावयाची याचा आहे. पथकात दोन दोन महिने सराव करून मग विसर्जनाला तासन्‌तास ढोल वाजविणारी आमची मुले तर यांपैकी कोणत्याच मर्यादेत मोजली जात नाहीत. ती कामगार नाहीत, हौशी आहेत.

ढोल-ताशांविषयी २०२४ मध्ये एक वाद झाला, त्यातही हिशेबाचीच गफलत होती. पुण्यातील मिरवणुकीत एका पथकात तीसपेक्षा अधिक वादक नसावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि शहरात आनंद झाला. भावनेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. एकशेवीस वादकांऐवजी तीस केले तर आवाज किती घटेल? चौथाई संख्या म्हणजे सहा डेसिबल. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तरी सुमारे सहाच डेसिबल घटतात. लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्ही बाजूंनी इमारतींनी बंद झालेल्या रस्त्यावर अंतराचा लाभ तेवढाही मिळत नाही, कारण भिंती आवाज परतवीत राहतात. तेव्हा डोकी मोजण्याने फार साधणार नव्हते. किती वेळ एका ठिकाणी थांबावयाचे, कोणत्या अरुंद गल्लीत वाजवावयाचे नाही, एकामागून एक पथकांत किती अंतर ठेवावयाचे, हे प्रश्न अधिक मोलाचे होते. ते कोणी विचारले नाहीत. एका बाजूस परंपरा आणि दुसऱ्या बाजूस पर्यावरण असा सामना रंगला.

आता थोडे आमच्या विषयाकडे. गोंगाट हे बाह्य परिणामाचे ठरीव उदाहरण आहे: करणारा एक, सोसणारा दुसरा, आणि त्यांच्यात पैशाचा व्यवहार नाही. रोनाल्ड कोज याच्या १९६० मधील प्रसिद्ध निबंधात लंडनचा एक जुना खटला येतो. एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा आवाज शेजारच्या डॉक्टरला त्याच्या तपासणीच्या खोलीत नकोसा झाला, आणि १८७९ मध्ये न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोजचे म्हणणे असे, की दोघांना बोलणी करण्यास खर्च पडत नसेल तर हक्क कोणालाही दिला तरी ते आपसांत मार्ग काढतील. विद्यार्थ्यांना हे फार आवडते. परंतु मिठाईवाला एक होता आणि डॉक्टरही एक. आमच्या मैदानाभोवती शेकडो घरे आहेत, आणि कर्णे लावणाऱ्यांत ज्याच्याशी बोलावे तो नेमका कोण, हे कळत नाही. जो बोलावयास जातो त्याला दुसऱ्या दिवसापासून त्याच गल्लीत राहावयाचे असते. येथे बोलणी होत नाहीत. येथे शांततेची किंमत एकट्या तक्रारदाराने मोजावयाची असते. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ च्या निकालात, तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे सांगितले ते सर्वांत महत्त्वाचे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, या वाक्याचीच चर्चा अधिक झाली. त्याच निकालात, मर्यादा ही प्रत्येक कर्ण्याची वेगळी नसून सर्वांच्या एकत्रित आवाजाची आहे, असेही स्पष्ट करण्यात आले. दहा कर्ण्यांचे ६५ डेसिबल कसे होतात हे वर पाहिलेच.

किमतीचा विचार कसा लागू पडतो याचा एक मासला मुंबईच्या पोलिसांनी दाखविला होता. काही चौकांत त्यांनी सिग्नलला मापक जोडले. भोंग्यांचा आवाज ८५ च्या वर गेला की तांबडा दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. २०२० च्या आरंभी त्याची चित्रफीत सर्वदूर पाहिली गेली. गंमत म्हणून लोक हसले, पण प्रा. पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेलेच सूत्र तेथे रस्त्यावर उतरले होते: दुसऱ्यावर लादलेला खर्च ज्याचा त्याला परत करा. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. कैद सौम्य झाली म्हणून नाराज होण्याचे कारण नाही. पाच वर्षांची कैद आपल्याकडे कागदावरच राहते, दंड निदान वसूल होण्याजोगा आहे. मात्र तो दंड ऊर्जेच्या पटीने वाढला पाहिजे. दहा डेसिबल अधिक आणि वीस डेसिबल अधिक यांना एकच दंड लावणे म्हणजे शंभरपट चोरीला दसपट चोरीइतकीच शिक्षा करणे होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार उपचाराविना राहिलेल्या श्रवणदोषामुळे जगाचे दरवर्षी ९८० अब्ज डॉलरचे नुकसान होते. एवढ्या मोठ्या आकड्याने मन बधिर होते, आणि आपल्या गल्लीतील आवाजाचा त्यात किती वाटा हे त्यावरून सांगताही येत नाही. सातव्या नियमातील दहा डेसिबलची अट काढून टाकणे हे त्यामानाने लहान काम आहे. त्यासाठी नवा कायदा नको, अधिसूचना पुरे; या नियमांत २००२, २०१० आणि २०१७ मध्ये दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि २०१७ ची दुरुस्ती तर राज्य सरकारने जाहीर केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र मानू नये, अशी नागरिकाच्या विरुद्ध दिशेची होती. मापक घेऊन येणाऱ्या हवालदाराच्या खिशात एक छोटे कोष्टक असावे: तीन अधिक म्हणजे दुप्पट, पाच अधिक म्हणजे तिपटीहून जास्त, सात अधिक म्हणजे पाचपट, दहा अधिक म्हणजे दसपट. हेच कोष्टक पुढील विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या बातमीशेजारी छापण्यास चार ओळींपेक्षा अधिक जागा लागणार नाही.